थोरल्या साडूंसाठी समुपदेशक बघताना

पहिल्या खेपेला पसंत पडावी अशी एकही वस्तू परमेश्वराने माझ्या थोरल्या साडूंसाठी निर्माण केलेली नाही. डहाणूच्या बाजारात चपला घ्यायच्या झाल्या तर त्या पायात घालून ते दुकानातून सरळ स्टेशनपर्यंत चालत जातात, परत येतात आणि "डावी बोलते" म्हणून काढून ठेवतात. दुकानदार आता त्यांना हटकत नाही, उलट येताना पेपर घेऊन या म्हणतो. केस कापायला त्यांनी डहाणू रोडच्या पूर्वेचे सगळे न्हावी संपवले, मग पश्चिमेचे, आणि शेवटी कापताना एक अक्षर न बोलणारा एक म्हातारा शोधून काढला. तो म्हातारा इतर गिऱ्हाइकांशी भरपूर बोलतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझ्या थोरल्या मेहुणीला बघायला ते तीन वेळा आले होते. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी वैतागून पोहे केलेच नाहीत, नुसत्या चहावर भागवलं, आणि नेमका त्याच दिवशी होकार आला. "पोह्यांशिवाय मुलगी कशी दिसते ते बघायचं होतं," असं ते आजही गंभीरपणे सांगतात, आणि मेहुणी आजही त्यांना पोहे देताना बशी जरा आपटूनच ठेवते.

साडूंची चिकूची वाडी आहे. चिकू झाडावर असताना नखाने साल जराशी खरवडायची; आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. हे आमच्याकडचे सगळेच वाडीवाले करतात. साडू माणसांनाही नख लावतात. बँकेत नवा मॅनेजर आला तर कामाचं बोलण्याआधी त्याला मध्येच विचारतील, "तुमच्याकडे सकाळचं पाणी कोण भरतं?" आणि तो काय सांगतो, किती चाचरतो, त्यावर त्याची बदली होईपर्यंतचं मत बनवून मोकळे होतील.

अशा माणसासाठी समुपदेशक शोधायची जबाबदारी माझ्यावर आली.

झालं होतं ते असं. लखमा हा त्यांच्या वाडीतला जुना गडी, जवळजवळ त्यांच्याच वयाचा. तीस वर्षं दोघांनी मिळून वाडी केली. दोन वर्षांपूर्वी चिकू उतरवता उतरवता लखमा वाडीतच कोसळला आणि गेला. साडू तेव्हा जवळ होते. त्यांनी सगळं व्यवस्थित केलं, लखमाच्या घरच्यांचं बघितलं, आणि महिन्याभराने त्यांची छाती पहाटे धडधडू लागली. घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. मनाचं बघा." तोवर साडूंनी वाडीत पाऊल टाकणं बंद केलं होतं. प्रत्येक झाडाची खोड ठाऊक असलेला हा माणूस वाडीकडे पाठ करून ओटीवर बसू लागला. "वाडी मक्त्याने देऊन टाकतो म्हणतात," मेहुणी मला म्हणाली. "एकदा दिली की हे ओटीवरून उठायचे नाहीत. तुम्ही न्या त्यांना कुणाकडे तरी. तुम्ही बोलके आहात."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

पहिला समुपदेशक डहाणू रोडला एका दुकानाच्या माळ्यावर बसायचा. तरुण मुलगा, शांत, नीटनेटका. त्याने साडूंना विचारलं, "काय त्रास होतो?" आणि मी सांगायला लागलो. लखमाची गोष्ट मी फार चांगली सांगतो, म्हणजे तेव्हा सांगायचो. "शेट, जरा पाणी" हे त्याचे शेवटचे शब्द मी हलक्या आवाजात घ्यायचो; मग फाटकाचं न उघडणारं कुलूप, मग टेम्पो, मग खड्ड्यांतून धावाधाव. वास्तविक त्या दिवशी मी बोईसरला एका लग्नात जिलेबी खात होतो. पण गोष्ट तोंडात अशी बसली होती की टेम्पोत पुढच्या सीटवर मीच होतो असं मलाही वाटायचं. त्या मुलाचे डोळे पाणावले. साडू खिडकीबाहेर बघत होते. निघताना त्यांनी त्याला नख लावलं, "तुम्हाला स्वतःला झोप कशी लागते?" तो म्हणाला, "छान लागते." जिन्यात साडू म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण हिरवा आहे. आणि दर वाक्याला मान हलवतो, माझीच मान दुखली."

दुसऱ्या बाई फोनवर दिसणाऱ्या होत्या. घरात रेंज येते ती फक्त मागच्या पायरीवर, तीसुद्धा लहर लागली तर. मी फोन धरून उभा राहिलो आणि गोष्ट सांगितली. टेम्पोपाशी आलो तेव्हा बाईंचं तोंड उघडं राहून चित्र थिजलं. "बघा, किती हलल्या," मी म्हणालो. "रेंज गेलीय," साडू म्हणाले. तिसरे गृहस्थ वापीचे, वयस्कर, नाव मोठं. त्यांच्यापुढे मी माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत लखमा उभा केला. 'कुलूप' ह्या शब्दापाशी अडलो, तर साडूंनीच शब्द पुरवला. झोपेचा प्रश्न विचारल्यावर त्या गृहस्थांनी स्वतःच्या झोपेची, पाठीची आणि सुनेची हकिगत सांगितली.

परतताना चारोटीला चहाला थांबलो. मी चिडलेलो होतो. "भाऊ, गुजराती तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली येते. ह्यांच्यात काय खोट काढलीत?"

"गुजरातीत मी चिकू विकतो रे," साडू बशीत चहा ओतत म्हणाले. "रडायचं कसं ते त्या भाषेत शिकलो नाही."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते त्याच आठवड्यात चार ठिकाणी सांगून हशा मिळवला. हा माणूस रडायला जागा शोधतोय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"आणखी एक बघू," ते म्हणाले. "तू येशील ना? एकट्याने गाडीत बसवत नाही."

चौथ्या बाई तलासरीला, शनिवारी दुपारी, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसत. प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, एक पंखा. बाई पन्नाशीच्या, साध्या. मी घसा साफ करून सुरुवात केली. कुलपापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"छान सांगता. तुम्ही होता तिथे?"

"म्हणजे... मी बोईसरला होतो."

"मग असं करा, तुम्ही बाहेर बसा."

अठ्ठावन्न वर्षांचा मी, अंगठे धरायला लावल्यासारखा बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारी पाय सुजलेली एक म्हातारी होती. "तुला काय झालंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला काही नाही." "मंग कशाला आलास?" ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिचा माझ्यातला रस संपला. मी दाराकडे कान लावून बसलो. पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पाऊण तासाने साडू आले. डोळे लाल. "पुढच्या शनिवारी, चार वाजता," एवढंच म्हणाले.

गाडीत मी निम्म्या रस्त्यापर्यंत दम धरला. "बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्या खेपेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. "झोपेचं विचारलंत?"

"विचारलं. म्हणाल्या, कधी लागते, कधी नाही." मग बऱ्याच वेळाने, "मी सांगितलेलं त्यांना एकदा उलटंच समजलं. मी म्हटलं, असं नाही. तर म्हणाल्या, चुकलं माझं, परत सांगा." आणि बाहेर बघत पुटपुटले, "परत सांगा म्हणतं कोण?"

त्यानंतर चमत्कार वगैरे झाला नाही. छाती अधूनमधून धडधडायचीच. काही शनिवारी ते चिडून परत यायचे, एकदा तर "आता बस" म्हणून दोन आठवडे गेलेही नाहीत. पण मक्त्याचं बोलणं त्यांनी आधी पुढे ढकललं, मग काढणं सोडलं. पाचव्या महिन्यात एका शनिवारी सकाळी फोन आला, "तू येऊ नकोस आज. मी जीपने जातो." मी "वा, उत्तम" म्हटलं, आणि इस्त्री केलेला शर्ट काढून खुंटीला लावला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. बाकावरची जागा माझी झाली होती.

परवा गेलो तर साडू ओटीवर नव्हते. मेहुणीने नुसती वाडीकडे मान केली. आत, बऱ्याच आत, एका झाडाला हात लावून ते उभे होते. मी जवळ जाऊन सवयीने म्हणालो, "हेच ना ते झाड, लखमाचं?"

"नाही. ते पलीकडचं. तू नेहमी चुकीचं सांगतोस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू रंगात असायचास."

मग आम्ही पलीकडच्या झाडाखाली गेलो आणि त्या दिवशी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, मध्येच थांबत. एके ठिकाणी मला कळलं नाही तेव्हा मी म्हटलं, "परत सांगा, भाऊ." माझ्या गोष्टीतलं कुलूप त्यात नव्हतंच. टेम्पो अगदी शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत दोघं बराच वेळ तिथे होते, लखमाचं डोकं ह्यांच्या मांडीवर, आणि लखमा बोलत होता. पाणी त्याने मागितलंच नव्हतं. काय म्हणाला तो, ते मला शब्द न् शब्द आठवतंय आणि मला ते सांगताही छान येईल.

आमच्याकडे चहाला माणसं जमली की अजूनही कुणीतरी म्हणतं, "ती लखमाची गोष्ट होऊन जाऊ द्या." मी म्हणतो, ती माझी नाही, साडूंना विचारा. ते तर शनिवारची चार वाजताची वेळ सोडली तर कुणालाच सांगत नाहीत.