खिरीवरचं लोणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर मी दुसरंच काहीबाही मागत राहिलो. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळत.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. देऊळघाटच्या वाटेवर नॉर्वेहून आलेल्या एका नर्सबाईंचा दवाखाना होता. मागे गोठा, त्यात एकच गाय. तिचं दूध बाळंतिणींना जायचं. गाय माझ्याकडे, स्वयंपाक रखमाकाकूंकडे. काकू आमच्याच गल्लीतल्या. माझं लग्न व्हायचं होतं, तर मला गरम भाकरी वाढणारी तीच एक बाई.

नाताळ आला की नर्सबाई हळव्या व्हायच्या. त्यांच्या देशात म्हणे प्रत्येक गोठ्यात गुडघ्याएवढा म्हातारा राहतो — राखाडी अंगरखा, लाल टोपी. कुणाला दिसत नाही, पण गुरं तोच राखतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला तांदळाची खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा. लोणी नसलं की रागाच्या भरात तो गाईचाच जीव घेतो. बाई हे हसत हसत सांगायच्या. काकू मात्र हसायच्या नाहीत. देव कुठल्या का मुलखाचा असेना, नैवेद्य तो नैवेद्य, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी काकूंनी खीर ठेवली, पण लोणी पानात बांधून घरी नेलं. गावातच दिलेली लेक नुकतीच बाळंत झाली होती. मी ते पाहिलं होतं. ह्याला चोरी म्हणाल? मी नाही म्हणणार.

सकाळी गाय मेलेली.

आता इथे माझी जीभ अडते — पण सांगतो. गाय मी मारली. आदल्या दुपारी तिला कापलेल्या ज्वारीच्या रानात मोकळी सोडून मी पत्ते कुटत बसलो. धसकटांना कोवळे फुटवे आले होते. ते गुरांना विषासारखे बाधतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं होय? संध्याकाळी ती झोकांड्या खात परतली. रात्री दवाखान्याच्या पडवीत निजलो असताना मी तिचे पाय आपटताना ऐकले आणि घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. उठलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं ना!

सकाळी माणसं जमली. बाईंना वाटलं, साप चावला. त्या मला विचारायला वळल्या, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काकू, खिरीवर लोणी टाकलं होतं ना व?"

काकूंचा चेहरा राखेसारखा झाला. ती पोरासोरांची गोष्ट आहे, असं बाईंनी त्यांना किती समजावलं! काकूंनी ऐकलं नाही. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राती काही वाजलं का रे गोठ्यात?"

तेव्हा तरी सांगायचं. दोघंच होतो. पण मी काय म्हणालो?

"हाव काकू. बारके बारके पाय वाजले."

हे का बोललो? पहिलं खोटं भीतीपोटी होतं. दुसऱ्याची तर गरजही नव्हती.

काकूंनी काम सोडलं. नातीला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही. आपल्या हाताला गाईचं पाप लागलंय म्हणायच्या. पोर रडत हात पुढे करायची आणि त्या उठून अंगणात जायच्या. मी शेजारीच राहत होतो. वर्षानुवर्षं रोज पाहत होतो. मला सरळ माणूस म्हणतात गावात.

त्याच नातीचं लग्न निघालं. काकू मांडवाबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या, अगदी वाळून गेलेल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तशी त्यांनी मला हाक मारली आणि मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली.

"माह्या हातच्या अक्षता नको त्या पोरीवर," त्या म्हणाल्या. "तू टाक."

मी टाकल्या.