देवराव सरांची फाइल

उन्नतीला आमच्या ऑफिसात सगळे गोगलगाय म्हणायचे. त्याचा संताप मला आजही आवरत नाही. उमरेडच्या विणकराघरची पोरगी, हुडकेश्वरला खोली घेऊन राहायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी खुर्चीवर असायची. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं. ती पक्की होणार की घरी जाणार, हे एका चुकीवर ठरणार होतं. आम्ही दवाखान्यांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पेशंटांना एकच नंबर जात होता, आणि ते का होतंय हे तिने शुक्रवारपर्यंत शोधायचं होतं.

अशी चूक शोधायला डीबगर लागतो. चालता प्रोग्राम तो आपल्याला हव्या त्या ओळीवर थांबवतो, मग आत काय चाललंय ते बघता येतं. आमचा डीबगर तिथवर पोचायला अकरा मिनिटं घ्यायचा. आमच्या बहाद्दरांनी त्याचीही रीत पाडली होती: बटण दाबायचं आणि टपरीवर चहाला जायचं. उन्नती मात्र जागेवर बसून वहीत वेळा टिपायची.

शेवटी तिने टीम लीडरला, सौरव सरांना सांगितलं, "सर, डीबगरच स्लो आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "बाकीचे कसे काम करून राहिले मंग?"

सगळे हसले. अहो, पण अंगण खरंच वाकडं होतं!

आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या मशीनवर देवराव सरांची सेटिंगची फाइल चढवतात. देवराव सर जुने जाणते. हैदराबादला गेले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांच्या फाइलला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बुधवारी उन्नतीने ती बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. प्रोग्राम चार सेकंदांत थांबला.

मग तिने फाइल उघडून पाहिली. आत सरांनी आपल्या जुन्या कामांसाठी लावलेले त्र्याऐंशी थांबे होते, प्रत्येकाला एक अट. एक अट अशी, की पेशंट क्रमांक ४१०२ आला तरच थांब. तो पेशंट कधीचाच बरा होऊन घरी गेला असेल, पण डीबगर बिचारा दर पेशंटापाशी प्रोग्राम अडवून "तूच का तो?" विचारत बसला होता. लाखो वेळा. सहा वर्षं!

दुपारपर्यंत तिने चूक शोधून दुरुस्तही केली. शाबासकी राहिली बाजूला, सौरव सर म्हणाले, "सरांच्या फाइलले हात लावाले कोणाले विचारलं वं?"

शुक्रवारी पत्र आलं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं, कारण: कामाचा वेग कमी.

"सर, हा वेग माहा मोजला का त्या फाइलचा?" पत्र सरांपुढे धरून तिने विचारलं.

फॉर्म वर गेला, आता काही होत नाही, असं सर म्हणाले. वर सगळ्यांच्या मशीनवरून ती फाइल काढायचं कामही तिच्याच गळ्यात घातलं. मी ऐकत होतो.

सोमवारी एकेक मशीन करत ती माझ्यापाशी आली. माझी सेटिंग उघडली आणि स्क्रीनकडे बघतच राहिली.

"प्रीतमदादा, तुमच्या इकडं तर ही फाइल नाहीच."

नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी मीच ती गुपचूप काढली होती. माझा डीबगर चार सेकंदांत थांबायचा, तरी कोणाला कळू नये म्हणून मी अधूनमधून सगळ्यांसोबत अकरा मिनिटं चहाला जायचो. ऑफिसात सगळ्यात फास्ट म्हणून माझं नाव होतं आणि मला ते सोडवत नव्हतं.

"काहून नाही सांगतलं गा दादा?"

"तू विचारलं कुठं?" मी म्हणालो. हेच म्हणालो, लाज सोडून.

ती उठली आणि पुढच्या मशीनवर गेली. आता कामापुरतं बोलते. प्रीतम सर म्हणते.