पाठ लागली नाही म्हणून

मैत्रिणींनो, हे पत्र वाचून पुढच्या घरी पाठवा. मी आत्ताच परभणीच्या दवाखान्यातून परतले आहे.

आज मैदानावर बॉक्सिंग होतं. कर्ण्यावर बोलायला कुस्तीचा निवेदक बसवला होता. गालावर उघड्या हाताची चापट बसली की तो "वाहवा" करायचा. मी कॉन्व्हेंटात असताना माझा भाऊ सिकंदराबादेत बॉक्सिंग खेळायचा. त्याच्या सरावाला मीच उशी धरायचे, म्हणून मला कळतं. खरा ठोसा टाचेतून निघतो, कमरेतून वळतो आणि त्याचा आवाजही होत नाही.

निजामाच्या फौजेत घेतील या आशेने उतरलेल्या बोरीच्या सखारामला तसाच ठोसा बसला, उजव्या बरगडीखाली. तो गुडघ्यावर आला. आता पंचांनी लढत थांबवून दहापर्यंत आकडे मोजायला हवे होते.

पण कुस्तीत पाठ मातीला लागेपर्यंत हार नसते. कर्णा म्हणाला, "पाठ लागली न्हाई, मंडळी. गडी लय चिवट हाय. चालू द्या."

पंच कचेरीतले साहेब. त्यांनी चालू दिलं.

मी उठून म्हणाले, "थांबवा, त्याला श्वास घेता येत नाही."

कर्ण्यावरून उत्तर आलं, "बाईसाहेब, ह्ये भाकरी थापणं न्हाई."

"चापट आणि ठोसा यातला फरक तरी शिकून या."

लोक माझ्यावरच हसले. तोवर त्याच जागी पुन्हा ठोसे बसले.

सखाराम रक्त ओकून बेशुद्ध पडला आहे. त्याची आई मला विचारत होती, "बाई, पाठ तर लागली न्हवती. मंग ह्यो डोळे का उघडंना?"

जन्मभर शाळेत शिकवलं, आणि आज मी तिला तशीच सोडून घरी आले. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?