चंद्री आणि पाहुणी

दातिवऱ्यापासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर गाभण गाईला ‘तुमी’ म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे माझे चिंचणीचे मामा. तलाठी, सरपंच, मी, सगळ्यांना सरसकट ‘तू’. गाय गाभण राहिली की मात्र “तुमी पाणी प्यालात काय? बसता काय जरा?” त्यांचं म्हणणं असं, की पोटातलंही ऐकत असतं, मग दोघांना मिळून ‘तू’ कसं बोलायचं? मामी एकदा म्हणाली, “माझ्या पोटात दोन पोरं वाढली, तेवा नाय कदी तुमी बोललात!” मामा शांतपणे म्हणाले, “तू ऐकायचीस कुठं? तूच बोलायचीस.”

गोठ्यात वाईट बातमी सांगायला बंदी होती. मी वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळे माझ्यावर विशेष नजर. मामा दारातच अडवून विचारत, “आज चांगलं काय छापलंस?” सांगण्यासारखं काही नसलं तर मी बाहेर चिकूच्या झाडाखाली बसायचं. बहुतेक वेळा मी चिकूखालीच बसलो. शेजारचा एकजण सासरा गेल्याचं सांगायला आला, तर त्यालाही मामांनी आधी हाताला धरून विहिरीपर्यंत नेलं आणि मग सांत्वन केलं.

तिसरा नियम असा, की नवं जनावर एकटं बांधायचं नाही. गेल्या वर्षी त्यांनी बोईसरच्या बाजूने एक तांबडी गाय आणली. दिसायला ठणठणीत. थोडे दिवस लांब बांधा, असं मामीने सुचवलं. “नव्या सुनेला कोण अंगणात बसवतं काय? रडंल ती,” असं म्हणत मामांनी तिला गोठ्यातल्या जुन्या चंद्रीच्या शेजारी बांधलं. चंद्री तेव्हा निम्मे महिने भरलेली गाभण. दोघी एकमेकींना चाटायच्या आणि मामा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. नव्या गाईचं नावच ‘पाहुणी’ पडलं. मग चंद्रीला थोडा ताप आला, शेण पातळ झालं, दोन दिवस तिने वैरण सोडली आणि बरी झाली. कोणी मनावर घेतलं नाही.

चंद्री व्याली. पाडी झाली, पण तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा होता, मान हलत राहायची आणि पाय चार दिशांना जायचे. मामांनी आढ्याला गोणपाटाची झोळी बांधून तिला उभं धरलं, बाटलीने चीक पाजला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मामांनी त्यांना एकच विचारलं, “बाय, आमी वाईट असं काय ऐकवलं गं त्यांना?”

“कानातून नाही गेलं, मामा,” बाई म्हणाल्या. “विषाणू आहे. लाळेतून, नाकातल्या पाण्यातून येतो. आईला साधा ताप येतो, पण पोटातल्या वासराचा मेंदू तेव्हा घडत असतो. तोल सांभाळणारा भाग घडायचा राहून गेला. तो आता होणार नाही.”

पाडी आवाजाच्या दिशेने मान वळवायला शिकली. त्यापुढे गेली नाही. दिवाळीआधी ती वारली.

दोन वेळा रक्त तपासल्यावर पाहुणीचंही कळलं. ती स्वतः आईच्या पोटात अगदी लहान असताना तिला हाच विषाणू लागला होता. शरीराने त्याला परका मानलंच नाही. वरून धडधाकट, आत जन्मभर तोच, लाळेतून बाहेर पडत राहणारा. तिला ठेवू नका, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मामा म्हणाले, “मंग कुठं धाडू? दुसऱ्याच्या गाभणीशेजारी?” शेवटी वाडीच्या खाडीकडच्या टोकाला वेगळं छप्पर घातलं. अट अशी, की पाहुणीचं जो करील त्याने गोठ्याकडे यायचं नाही. मामांनी पाहुणी घेतली. चंद्री मामीकडे गेली.

परवा चिंचणीला गेलो. चंद्री पुन्हा गाभण आहे. संध्याकाळी मामा गोठ्याच्या वईच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या, पलीकडे येऊन उभे राहतात. मामी गोठ्यातूनच ओरडून सांगते: पाणी प्याली, वैरण खाल्ली, आता बसली हाय. मामा नुसती मान हलवतात. मी म्हटलं, “मामा, बोला की इथूनच, तिला ऐकू जाईल.”

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला चार पावलं मागे ओढलं. “हळू,” ते कुजबुजले. “माझा आवाज आला की दावं तोडून इकडं येतील.”