भातसेपलीकडची शीळ

म्हशाच्या जत्रेत एका घोडेव्यापाऱ्याने मला आंधळं तट्टू विकलं. त्याने फसवलं आणि मी फसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचून मी त्याला माफ केलं असं कोणी समजू नये. कल्याणात खाडीकाठी माझी गवताची वखार आहे. डोक्यावर भारे वाहून मी सुरुवात केली, आणि आज मुंबईच्या कितीतरी तबेल्यांतली घोडी माझ्या गवतावर उभी आहेत. असल्या माणसाच्या गळ्यात आंधळं जनावर बांधणं म्हणजे कोळ्याला कालची मासळी विकण्यासारखं आहे.

मला दोन तट्टं हवी होती, एक मला आणि एक माझ्या वडिलांना, आमच्या आबांना. तांबडं तट्टू मी जत्रेत शिरल्या शिरल्या घेतलं. दुसरं, राखी रंगाचं, या माणसाकडे होतं. उंच, काळासावळा, कानात भिकबाळी, आणि दातांच्या फटीतून एक बारीक शीळ घालायची त्याला सवय. शेवटाला ती शीळ वर चढायची. त्याने तट्टाचा दोर काढून घेतला आणि ते मोकळं जनावर त्याच्या शिळेमागे गोल फिरलं, वळलं, थांबलं, परत आलं. मी मनात म्हटलं, काय गुणी जनावर आहे. मग रुमालाखाली हात गेले. जनावरांचा सौदा आमच्याकडे तोंडाने होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो, म्हणजे बघ्यांना तो कळत नाही. त्या वेळी आपलं सगळं लक्ष समोरच्याच्या बोटांत आणि चेहऱ्यात असतं. मी त्याला खूप खाली आणलं. एवढा खाली तो येतोच कसा, हा विचार मात्र मनात आला नाही. तट्टाचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, पाठीवरून हात फिरवला. डोळे काळेभोर आणि स्वच्छ होते, त्यांत पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

घरी आणून आवारात सोडलं तर ते सरळ चालत जाऊन गवताच्या गंजीवर आदळलं. मागे सरकलं आणि पुन्हा तिथेच आदळलं. डोळ्यांपुढे जळता कंदील नेला तरी पापणी लवली नाही. मी उलट पावली म्हशाला गेलो. त्याच्या जागेवर लीद आणि विझलेली चूल तेवढी होती. त्याचं गाव कोणतं ते कोणाला सांगता येईना. परतताना मी ठरवलं, हे तट्टू असंच दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात मारायचं. त्यासाठी ती शीळ यायला हवी, म्हणून वखारीत उभा राहून शिळा घालू लागलो. हमाल तोंड फिरवून हसायचे. मग त्यांनाही घालायला लावल्या. तट्टाने कान म्हणून हलवला नाही. आबा ओसरीवर बसून हे ऐकत होते.

“पुरे कर,” ते म्हणाले. “ते मला राहू दे. मला तरी कुठं फारसं दिसतंय? आम्ही एकमेकांना सांभाळून घेऊ.”

आबा जन्मभर मोतद्दार होते. दुसऱ्यांची घोडी त्यांनी धुतली, चारली, आणि मालक खोगिरावर असताना लगामाशेजारून ते पायी धावत राहिले. स्वतः स्वार होणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. मी तान्हा असताना तापाने डोळे फिरवले, तेव्हा त्यांनी खंडोबाला नवस बोलला होता. खडवलीच्या पुढे, भातसा नदीपलीकडच्या टेकडीवर आमचं हे कुळाचं ठाणं आहे. पोर जगू दे, ते मोठं झालं की त्याच्या घोड्यावर बसून तुझ्या पायरीशी येईन, असा तो नवस. मी जगलो, वाढलो, वखार घातली, पण आबांनी मला याचा पत्ता लागू दिला नाही. मुलाकडे घोडा कसा मागायचा, हा त्यांना संकोच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माणसं आवाजावरून ओळखायची पाळी आली, तेव्हा त्या दिवाळीत ते एकदाचे बोलले. आता राहिलं तर कायमचंच राहील, एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

माझं देवाशी नातं कसलं होतं तेही सांगतो. मी नारळ बोलायचो, पण काम झाल्यावरचा. गवताची होडी सुखरूप लागली तर अभिषेक, न लागली तर काही नाही. इथेही घासाघीस मी सोडली नव्हती, आणि देवाने कधी तक्रार केली नव्हती, म्हणून हेच त्यालाही पसंत असावं असं मी धरून चाललो होतो.

माघी पौर्णिमा ठरली. आंधळ्या तट्टावर एवढी वाट नको, खडवलीपर्यंत आगगाडीने जाऊ हमाल तांबडं पुढे नेईल, तिथून त्यावर बसा, असं मी म्हणालो. आबांनी साफ नाकारलं. देवाला मी आगगाडीचं बोललो नव्हतो, म्हणाले. तांबडं थयथय करतं, ते त्यांना नको होतं. शिवाय सडकेनेही जायचं नव्हतं, कारण गाड्यांच्या खडखडाटाने राखी बिचकायचं. शेतांच्या बांधांवरून, माळावरून, आडवाटेने जायचं. मी चिडलो, आवाज चढवला. ते खोगिराचे पट्टे चाचपत बसले. शेवटी मीच हट्टाला पेटलो. त्या लबाडाने दिलेल्या तट्टावरूनच आबांना पायरीशी नेऊन पोचवीन, मग तो कुठेही असो, त्याच्या नाकावर टिच्चून, असं मी ठरवलं.

महिनाभर आम्ही खाडीकाठच्या पडीक जमिनीवर सराव केला. मी तांबड्यावर पुढे असे आणि बांध आला, खड्डा आला, फांदी आली की ओरडून सांगे. आबा तेच हलक्या आवाजात तट्टाला सांगत, जणू सून सासऱ्याचं बोलणं मुलांना समजावतेय. लगाम ते सैल सोडत. तट्टू पाऊल टाकण्याआधी खुराने जमीन चाचपे. निघालो त्या दिवशी शहाडच्या तरीवर मी आणि नावाडी तांबड्याला ढकलून दमलो, राखी मात्र आबांच्या शब्दावर फळीवरून चढलं. पलीकडे कापलेल्या भाताच्या खुंटांतून, गवताळ वरकस माळांवरून आम्ही चाललो. एका उतरणीवर तट्टाने आपण होऊन दुडकी धरली. मी तांबड्याला आवरत वळलो, तोच मागून आबांचं हसणं ऐकू आलं. तसं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मुक्काम टिटवाळ्याला, मला गवत देणाऱ्या एका शेतकऱ्याकडे केला.

सकाळी धुकं पडलं. भातसेच्या काठाशी आलो तेव्हा स्वतःच्या तट्टाचे कान दिसत नव्हते. तिथे नदीला उतार आहे, म्हणजे चालत पार होता येतं, माघात पाणी गुडघ्याच्या वर नसतं, पण उताराची वाट अरुंद आणि खालच्या अंगाला डोह आहे. थांबून ऊन येऊ द्यायला हवं होतं. मी तांबड्याला टाच मारली. पाण्याच्या कडेशी ते उधळलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि मला गोट्यांवर फेकून आल्या वाटेने पळून गेलं. माझा गुडघा दुखावला. मी सावरेपर्यंत राखी, थांब म्हणणारं कोणी नाही म्हणून, माझ्या बाजूने आबांसकट पाण्यात उतरलं होतं.

मी थांबा थांबा म्हणून ओरडलो. माझाच आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून परत आला. तट्टू वळलं असावं, कारण पाण्याचा आवाज बदलला. खळखळ थांबली आणि जड, खोल असा आवाज यायला लागला. ते डोहाकडे चाललं होतं. उजवीकडे घ्या, असं मी ओरडलो, पण कोणाच्या उजवीकडे ते मलाच कळत नव्हतं. तट्टू पुन्हा वळलं आणि फुरफुरू लागलं.

“ओरडू नकोस रे,” धुक्यातून आबांचा आवाज आला. तो घाबरलेला नव्हता. “तुझा आवाज चारी बाजूंनी येतोय. हे बावरलंय.”

“मग काय करू मी?”

“गप्प राहा.”

मला गप्प राहा म्हणणारी माणसं थोडी, आणि त्यांचं मी कधी ऐकलेलं नाही. गरिबीतून मी वर आलो तो या आवाजावर. सगळं मी बोलून, भांडून, ओढून मिळवलं. आता पोटरीभर पाण्यात उभा होतो, पोहता येत नव्हतं, दिसत नव्हतं, आणि जे एकच हत्यार होतं तेच माझ्या बापाला डोहाकडे ढकलत होतं. मी तोंड मिटलं. सवयीने देवाला काही बोलावं म्हणून शोधू लागलो. अभिषेक, सभामंडप, चांदीचा घोडा, जे जे मनात आलं ते तिथल्या तिथे हलकं पडलं. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. हात जोडलेले होते की नाही तेही आठवत नाही. तुझं तू बघ, एवढंच मनात आलं, आणि त्याच्या मागे कुठलीही अट नव्हती.

तेव्हा ती शीळ आली. दातांच्या फटीतून घातलेली, बारीक, शेवटाला चढणारी. पलीकडच्या काठावरून. मी ती हजारांत ओळखली असती. खरं सांगायचं तर मला आधी भक्ती सुचली नाही, राग आला. हा इथे आहे! शिवी ओठांवर आली आणि मी स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. शीळ थांबली, पुन्हा आली, त्याच जागेवरून, सावकाश, एखाद्याला भरपूर वेळ असावा तशी. पाणी हललं. जड आवाज मागे पडला, खळखळ सुरू झाली, गोट्यांवर खूर वाजले.

“आलो रे,” आबा म्हणाले. “खाली वाळू लागली.”

ऊन वर आलं आणि धुकं विरळ झालं. मी काठीच्या आधाराने लंगडत पार गेलो. आबा खोगिरावर ताठ बसले होते, तट्टू काठचं गवत हुंगत होतं. शीळ घालणारा कुठे गेला, हे मी विचारलं. आबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“तू नव्हतास? मला वाटलं, जमली लेकाला शेवटी.”

मी झुडपं चाळली, दरडीवर चढून हाका मारल्या. वाळूत गुरांच्या आणि माणसांच्या पावलांचा नुसता काला होता. पुढे वाडीत विचारलं, गुरवाला विचारलं. त्या काठाला एवढ्या सकाळी कोणी जात नाही म्हणाले, पण कोणी गेलाच नसेल अशी खात्रीही त्यांना देता येईना. गुराखी असेल. शीळ काय कोणीही घालतो. मात्र ते तट्टू कोणाच्याही शिळेला कान हलवत नसे, हे माझ्या हमालांना विचारा. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि मी वाद घालणार नाही.

टेकडीची चढण तट्टाने एका दमात काढली. पायरीशी आबा उतरले, हाताने दगड चाचपला आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. देवा, पोराच्या घोड्यावर आलो, एवढंच बोलले. गुरव भंडारा लावायला आला तर आधी तट्टाच्या कपाळाला लावा म्हणाले. गुरवाने जवळून पाहिलं.

“आजोबा, घोडं आंधळं दिसतंय.”

“घोडं आंधळं, स्वारही आंधळा. डोळस घोड्यावरचा तो बघा, लंगडत येतोय मागून.”

मलाही हसू आलं. परतीच्या वाटेवर आबा खोगिरावर होते आणि मी दुखऱ्या गुडघ्याने लगाम धरून शेजारून चालत होतो. आबांनी मध्येच वाकून माझ्या पागोट्यावर हात ठेवला. तांबडं आम्हाला टिटवाळ्याला सापडलं. त्याच शेतकऱ्याच्या दारात उभं राहून ते माझंच गवत खात होतं.

आबा पुढच्या पावसाळ्यात गेले, घरी, आमच्या सगळ्यांच्या मध्ये. राखी माझ्या आवारात आहे आणि तिथेच राहील. देवाला मी आता अटी घालत नाही. जे दिलं त्याबद्दल हात जोडतो, आणि जे माझ्या हातात नाही तिथे तोंड मिटायला थोडं थोडं शिकतो आहे. बाजारात मात्र अजून ओरडतो, ते देवाला चालत असावं.

पण एक गोष्ट मी सोडलेली नाही. दर पौषात मी म्हशाला जातो आणि भिकबाळीवाला उंच माणूस शोधतो. पूर्वी त्याचा कान धरून चावडीवर न्यायचा होता. आता आधी विचारायचं आहे. अरे लबाडा, तू मला फसवलंस, तो राग वेगळा, तो मेल्यावर जाईल. पण त्या सकाळी भातसेच्या काठावर तू होतास का, ते सांग. असशील तर माझ्या वखारीत ये, तुझे पाय धुतो आणि मग तुझ्याशी भांडतो. आणि तू नसशील, तर टेकडीवर बसलेल्या मल्हारी, जाब तुला द्यावा लागेल. माझ्या बापाला पार न्यायला तुला साऱ्या जगात दुसऱ्या कोणाचा आवाज मिळाला नाही? ज्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त राग, नेमकी त्याचीच शीळ तू का उचललीस? मी गप्प उभा राहिलो होतो. आता बोलायची पाळी तुझी आहे.