तळणीशिवायचे वडे

आमच्याकडे माया दाखवायची रीत एकच, पानात तांदळाच्या पिठाचा तळून फुगवलेला वडा वाढायचा. नवऱ्याला गोव्याला नेऊन हृदयात दोन स्टेंट घातल्या, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, आणि आम्ही तोंडवलीला परतलो. त्यानंतर भेटायला आलेल्या दर चौथ्या माणसाच्या डब्यात वडे. "बिचाऱ्याक खाऊंक घाल गो, किती सुकलो तो." सुकलेला दिसत होता तो भीतीनं, वड्यांवाचून नव्हे. पण हे ऐकून कोण घेणार?

मी ठरवलं, वडे बंद करायचे नाहीत. तळण बंद करायचं. जन्मभर वडे खाल्लेल्या माणसाला उकडलेल्या भाज्या घालून जगवायचं, हे मला पटत नव्हतं. मग त्यानं जगायचं तरी कशासाठी?

मुंबईच्या लेकीनं एअर फ्रायर पाठवला. त्यातला पहिला घाणा असा निघाला की नवऱ्यानं एक वडा अंगणातल्या दगडी गडग्यावर आपटून बघितला आणि मुकाट्यानं ताटात परत ठेवला. ते यंत्र माळ्यावर गेलं. मग घावण्यांचा बिडाचा तवा काढला. पिठात निम्मी नाचणी घातली. वडे तडकले. पाणी वाढवलं, तर थापायच्या पानाला चिकटले. शेवटी सकाळच्या उकड्या तांदळाच्या गरम पेजेत पीठ मळलं, रात्रभर ठेवलं, हळदीच्या पानावर थापून तव्यावर झाकण घालून भाजलं. मध्ये जरा फुगल्यासारखं झालं. फुगला म्हणजे वडा, असं मी जाहीर केलं.

शेजारच्या तीन घरांत ताटं पाठवली. ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपली पद्धत. तिन्ही ताटं परत आली ती तळलेले वडे घेऊन. मी ते गाईला घातले आणि रिकामी ताटं कपाटात ठेवली. गावात काय बोलले असतील ते मला माहीत आहे. बोलू देत.

खरी लढाई झाली सासऱ्यांच्या म्हाळाला, पितृपक्षातल्या श्राद्धाच्या दिवशी. नवऱ्याची थोरली बहीण विजयदुर्गाहून आली होती. तिनं चुलीवर कढई चढवली, मी शेजारी तवा. माझा वडा उचलून तिनं वास घेतला.

"बाबांच्या पानात ह्ये सुके वडे वाढूचे?"

"बाबांका तुमचे वाढा, आक्का. त्यांका आता तेलाची भीती नाय."

तिनं कढईत पुढचा वडा सोडला. सासरे छातीच्या दुखण्यानंच गेले होते, साठी न गाठता. त्यांचं पान दरवर्षी तळलेल्या वड्यांनी भरायचं आणि त्यांच्या मुलानं त्याच पंगतीत बसून तेच खायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

कावळा पानाला शिवला आणि पंगत बसली. काळ्या वाटाण्याचं सांबार वाढून झालं. आक्का गरम वडे घेऊन भावासमोर आली. मी त्याच्या पानावर हात आडवा धरला. आपल्याला नको असेल तर आपण आपल्या पानावर हात धरतो. बायकोनं नवऱ्याच्या पानावर, तेही भरल्या पंगतीत, असं कधी कुणी पाहिलं नसेल.

"वर्षातसून एकदा," आक्का म्हणाली. "एका वड्यान काय जाता गो?"

"तुमचा काय जायचा नाय, आक्का. गेला तर माझा जातला."

आवाज चढला नव्हता माझा. हात मात्र मी काढला नाही. मला भयंकर भीती वाटत होती. गोव्याच्या त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे भोगलं ते पुन्हा भोगायची माझी तयारी नव्हती, मग पंगतीत अब्रू गेली तरी चालेल.

आक्का पुढच्या पानाकडे सरकली. मी माझे दोन वडे वाढले. नवऱ्यानं तुकडा मोडला, सांबारात बुडवला आणि बराच वेळ चावत बसला.

"चव नाय गो," तो हळूच म्हणाला.

"नसांदे," मी म्हटलं. "तुमी आसात."

त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही वडे संपवले.