पत्र्याच्या डब्यातली शर्यत

"आवाज बारीक करा ताई. मी सांगतो."

माझ्या दुकानातल्या पडद्यावर काकांचं रीळ सुरू झालं की ते उजवा हात वर उचलायचे आणि दंगा करणाऱ्या पोरांना खाली बसवावं तसा सावकाश खाली आणायचे. खरं तर बारीक करायला आवाज असा उरलाच नव्हता. नुसती खरखर यायची, मध्येच एखादा इंग्रजी शब्द उमटायचा आणि बुडून जायचा. तरी मी मान डोलावून बटण फिरवायची. मग ते घसा खाकरायचे आणि साठ वर्षांपूर्वीची अमेरिका कोल्हापुरी मराठीत सुरू व्हायची.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं छोटं दुकान आहे. लग्नाच्या जुन्या कॅसेटी, कुणाच्या आजोबांनी काढलेल्या फिल्मा मी पेनड्राइव्हवर उतरवून देते. अशा दुकानात तुम्हीही कधी गेला असाल. माणसं आपल्या गेलेल्यांना पिशवीतून घेऊन येतात आणि खिशात घालून घरी नेतात. त्यामुळे पंच्याऐंशीच्या पुढचे, धोतर नेसलेले, पत्र्याचे तीन चपटे डबे छातीशी धरलेले काका दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, घरचीच काही फिल्म असणार.

पहिला डबा उघडला तसा आंबट वास दुकानभर पसरला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो. मी म्हटलं, "काका, फार दिवस नाहीत हिचे."

"माझ्या डोळ्याचंबी तसंच हाय," ते म्हणाले. "काचबिंदू. नळीतनं बघितल्यागत दिसतंय. कोण आदी जातंय बगू."

तरुणपणी ते अमेरिकनांच्या फिल्मगाडीवर मशीन चालवायला होते. ही गाडी गावोगाव जायची, चावडीपुढे पांढरा पडदा लावायची आणि तिकडच्या बातम्यांची रिळं फुकट दाखवायची. इंग्रजी कुणाला कळायचं नाही, म्हणून वरून मराठी मजकुराचे कागद यायचे आणि काका ते भोंग्यावरून वाचायचे. पुढे गाडी बंद झाली. झिजलेली रिळं आणि एक जुनं मशीन साहेबांनी जाताना यांच्या हवाली केलं.

माझं यंत्र घरगुती फिल्मचं, ही त्याहून रुंद फिल्म ते घेत नव्हतं. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडून मी त्याची चाकं बदलून घेतली आणि काका दर मंगळवारी दुपारी येऊ लागले. फिल्म आक्रसलेली, वाकडी झालेली. बोटभर पुढे सरकली की अडकायची. हातभर फिल्मचं काम होईपर्यंत काकांच्या गोष्टी चालायच्या.

एका रिळात अंतराळात जाऊन आलेल्या माणसाची मिरवणूक होती. उघड्या मोटारीत तो उभा, आणि दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस. काकांनी कागदावरचं वाचलं होतं, 'आनंदाने बेभान झालेली जनता.' राधानगरीकडच्या एका गावात पुढे बसलेली म्हातारी ओरडली, "आनि ह्ये झाडनार कोन?" सगळं गाव हसलं. दुसऱ्या गावात मुष्टियुद्ध लागलं, तर एक वस्ताद उठून निघून गेले. जाताना म्हणाले, "माती न्हाय, लंगोट न्हाय, हाताला उशा बांधून कसली कुस्ती?" हे सांगताना काका हसायचे आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा.

एक दृश्य मात्र ते बघत नसत. तरुण राष्ट्राध्यक्ष गाडीतून हात हलवतोय, केस वाऱ्याने उडताहेत. तो आला की म्हणायचे, "म्होरं घ्या. पुढं गोळी लागनार त्ये आपल्याला म्हाईत हाय, त्यास्नी न्हाय."

अजून एक प्रसंग त्यांनी मला दोनदा सांगितला. एका रिळात हजारो काळी माणसं राजधानीतून शांतपणे चालताना दिसतात. बायका हातात पर्स घेतलेल्या, पुरुष कोट-टायमध्ये. एका गावात अगदी मागे, सगळ्यांपासून लांब बसलेल्या एका म्हाताऱ्याने अंधारातून विचारलं, "ह्यास्नीबी गावाभाईर ठेवत्यात व्हय?" कागदावर याचं उत्तर नव्हतं. काका भोंग्यावरून म्हणाले, "व्हय बाबा. आनि आता त्ये आत यायला निघाल्यात." दुसऱ्या दिवशी साहेबांनी झापलं, कागदाबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही म्हणून. "बोलू दे की," काका म्हणाले. "पर त्यो म्हातारा उठला आनि म्होरं येऊन बसला, ताई. कुनी हटकलं न्हाय. फिल्म संपंस्तवर कुनी हटकलं न्हाय."

दोन डबे झाले. तिसरा ते दर वेळी आणायचे, मांडीवर ठेवायचे आणि परत न्यायचे. मी एकदा हात पुढे केला, तर म्हणाले, "ह्याचं बगू. गडबड न्हाय."

मग एका मंगळवारी आल्या आल्या त्यांनी तो डबा माझ्यासमोर सरकवला. बसलेसुद्धा नाहीत.

त्यात खेळांच्या बातम्या होत्या. बर्फावरून घसरणारे लोक, डोक्यावर टोप घालून एकमेकांवर धडकणारे आडदांड गडी आणि मग मुलींची धावण्याची शर्यत. लांब पायांची एक सावळी मुलगी सुरुवातीला मागे होती. वळणावर ती मोकळी झाली आणि उरलेल्या सगळ्याजणी जागच्या जागी उभ्या असाव्यात तशी पुढे निघून गेली. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं दृश्य. काका पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले होते.

"ताई, तुमचे डोळे चांगले हाईत. नीट बगा. पळताना तिचा पाय कुटं वडतोय का? कुठला बी पाय."

मी सावकाश करून बघितलं. पुन्हा बघितलं. "नाही काका. छान पळते आहे."

"कागदावर लिवलंतं, ल्हानपनी तिच्या पायातनं वारं गेलंतं. लोखंडी पट्टा लावून चालायची म्हनं. त्ये खरं का खोटं? परचाराची गाडी ती. काय बी लिवत्यात."

मी मोबाइलवर शोधलं. चटकन सापडलं. पट्टा लावलेल्या पायाची हकिगत, आईने घेतलेले कष्ट, सगळंच. मला आनंद झाला. चांगली बातमी द्यावी तशी मी म्हणाले, "काका, खरं आहे! अगदी खरं आहे."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला वाटलंतं, खोटं आसंल."

ती गोष्ट अशी होती. त्यांची एकुलती एक मुलगी दोन वर्षांची असताना पोलिओने तिचा डावा पाय गेला. पायात कॅलिपर, म्हणजे तसाच लोखंडी पट्टा, घालून ती चालायची. घरात पडदा म्हणजे चुन्याची भिंत, आणि साहेबांनी दिलेलं मशीन. संध्याकाळी ते मुलीला रिळं दाखवायचे. कागदावरची हकिगत त्यांनी तिला सांगितली. मग मुलीला दुसरं काही नकोच असायचं. ती त्या धावणारीला 'आक्का' म्हणायची. आक्का लावा, आक्का लावा.

"इच्यारायची, बाबा, मी कवा पळनार? मी म्हनायचो, पळशील की. आक्का न्हाय का पळाली? बापानं दुसरं काय म्हनायचं, सांगा."

मुलगी आठ वर्षांची झाली. शाळेच्या मैदानावर मुलींच्या शर्यती होत्या. तिने कॅलिपरचे पट्टे सोडले, तो झाडाखाली ठेवला, दप्तराने झाकला आणि भिंत धरून धरून रेषेवर जाऊन उभी राहिली. मास्तरांचं लक्ष नव्हतं. शिट्टी वाजली. दुसऱ्याच पावलाला ती पडली, मागच्या पोरी तिच्यावर पडल्या आणि त्याच पायाचं मांडीचं हाड मोडलं. काका दवाखान्यात पोचले तेव्हा ती रडत नव्हती. बापाला बघून एवढंच म्हणाली, "आक्कापन पयल्यांदा पडली आसंल न्हवं?"

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मशीन पेटीत घातलं, वर कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली. हाड वाकडं जुळलं. मुलीच्या काखेत कुबडी आली ती कायमचीच. घरात रिळांचं नाव पुन्हा निघालं नाही.

"इतकी वर्सं वाटायचं, लबाड कागद हुता, म्या भोळा, फसलो. लोकांवर राग काडता येत हुता." ते हाताने डोळे पुसत होते. "तिची आय तिला चालवत ऱ्हायली आनि ती पळाली. माझीच पोर का न्हाय पळाली मग? म्या काय कमी केलं?"

मी चहा मागवला, तो तसाच राहिला. शेवटी काका म्हणाले, "ह्ये तुमच्याजवळच ठेवा. माज्या घरी नगं."

मी म्हटलं, "मुलीला एकदा विचारा तरी."

"ती दर गुरवारी डबा घेऊन येती, ताई. हासती, बोलती. तेवढं ऱ्हाऊ दे."

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन करायला हवा होता. लग्नसराईची कामं होती, आज करू, उद्या करू म्हणत राहिले. मला अजूनही ते खटकतं.

महिन्याभराने बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर दुकानापुढे थांबली. साठीच्या बाई कुबडी काढून, तीन पायऱ्या चढून वर आल्या. उचगावात त्या ब्लाउज शिवतात. काकांच्या कपाटात माझ्या दुकानाची चिठ्ठी त्यांना सापडली होती. त्यांच्या या मुलीकडूनच मला कळलं की काका झोपेतच गेले.

मी त्यांना पहिल्या दोन डब्यांचा पेनड्राइव्ह दिला. तिसऱ्याचं काय करावं, कळेना. काकांनी घरी नको म्हटलं होतं. पण आता काका नव्हते. मी सांगून टाकलं, शर्यतीचं रीळही आहे.

बाईंनी कुबडी भिंतीला टेकवली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. बघत असताना त्यांचा शिलाईचा हात मांडीवर हलत होता. शर्यत संपली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"बाबांना वाटायचं, या फिल्ममुळं तुम्ही पडलात," मी म्हणाले.

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. "असं म्हनाले त्ये?"

"हो. म्हणूनच मशीन बंद केलं म्हणाले."

"मला वाटलंतं, मला शिक्षा केली," बाई म्हणाल्या. "पडली म्हनून. पोरगी हरली, आता हिला आक्का दाखवायची न्हाय. आठ वर्साची हुते हो मी. दवाखान्यातनं घरी आले, पाय दोरीला बांधलेला, तीन म्हैने भिंतीकडं बघत पडले. त्याच भिंतीवर ती यायची. वाटायचं, आज लावतील. आज तरी लावतील. पायाचं मला कवाच काय वाटलं न्हाय, पर ती गेली त्ये..."

बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता.

"दर गुरवारी जायचे मी. सोळा की सतरा वर्सं, आय गेल्यापास्नं. समोरासमोर बसायचो. भाजीत मीठ बरं हाय का, वीज कवा गेलती, एवडंच. त्यांनी इच्यारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

शर्यतही भरून दिलेला पेनड्राइव्ह त्यांनी रुमालात बांधून पोलक्यात ठेवला. कुबडी घेतली. मी पायऱ्यांवर हात पुढे केला, तर म्हणाल्या, "नगं, मी उतरते." प्रत्येक पायरीवर आधी कुबडी, मग अधू पाय, मग चांगला. खाली पोचल्यावर स्कूटरला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्ये रडले का हो हितं?"

"हो," मी म्हणाले. "एकदा."

"माझ्यासमोर कवाच न्हाय," त्या म्हणाल्या, आणि स्कूटरची किल्ली फिरवली.